समुद्रसेवेस अयोग्य

बाबांनी ते जहाज पहिल्यांदा पाहिलं ते लंडनजवळ वॉटफर्डला, माझ्या स्वयंपाकघरात, लॅपटॉपच्या स्क्रीनवर. ते मोडीत निघाल्याला तेव्हा दोनशे वर्षं होत आली होती. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, नाक स्क्रीनला टेकेल इतके वाकले आणि म्हणाले, "हे ज्याने काढलंय त्याचा हात चांगला आहे."

ते ड्रॉइंगबद्दल बोलत होते. बाबांनी मुंबईच्या गोदीत पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली. सकाळी उरणहून लाँचने जायचं, दिवसभर उंच टेबलावर वाकून जहाजांच्या रेषा ओढायच्या आणि लाँचनेच परत यायचं. जहाज पाण्यात कसं चालेल ते त्यांना रेषेवरून कळतं. मला माणसाच्या तोंडावरूनही फारसं काही कळत नाही.

आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मी एकुलती एक. माझा घटस्फोट होऊन जुना झालेला, मुलगी मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत, आणि घरात मी एकटी. उरणला बाबा एकटे. दोन एकटी माणसं एका घरात आणली की प्रश्न सुटतो, असा माझा सरळ हिशेब होता. सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा काढला आणि एप्रिलमध्ये त्यांना घेऊन आले. हिशेब चुकला हे मेमध्येच कळलं. मी सव्वासातला घर सोडायची ती साडेसहाला परत यायची. मधले अकरा तास बाबा आणि फ्रिजचा आवाज.

पहिल्या महिन्यात त्यांनी आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या घरांच्या कचऱ्याच्या बिन्सचं वेळापत्रक पाठ केलं. कोणाची हिरवी बिन बाहेर यायची राहिली की मला फोन. मी मीटिंगमध्ये. फोन कट करून मेसेज टाकायचा, नंतर करते. तो नंतर बहुतेक वेळा ट्रेनमध्ये उभ्याने यायचा, आणि तोवर कौन्सिलची गाडी येऊन गेलेली असायची.

मग मी त्यांना काहीतरी काम द्यावं म्हणून शोधाशोध केली. एका दप्तरखान्याने आरमाराच्या जुन्या लॉगबुकांची पानं स्कॅन करून ठेवली होती, आणि घरबसल्या ती वाचून टाइप करून द्यायला त्यांना व्हॉलंटियर्स हवे होते. नोंदणी करताना मी माझं नाव घातलं. बाबा व्हिजिटर व्हिसावर, आणि व्हिजिटरने काम करायचं नसतं, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. हे फुकटचं काम, स्वयंपाकघरात बसून करायचं, ह्याला कोणी काम म्हणतं का, हे मी कोणाला विचारलंसुद्धा नाही. आम्ही लोक असेच. इतकी वर्षं व्हिसाच्या धाकात काढली की इथला पासपोर्ट हातात आला तरी धाक जात नाही. रस्त्यात पोलीस दिसला की मी अजून उगाच बॅग चाचपते.

प्रकल्पाचा नियम एकच होता. पानावर जे आहे ते लिहायचं. काही सुधारायचं नाही, काही गाळायचं नाही, नाही लागलं तर प्रश्नचिन्ह टाकायचं. बाबांना तो नियम फार आवडला. ते दिवसा पान मोठं करून वाचायचे आणि वहीत ड्राफ्ट्समनच्या सुट्या, उभ्या कॅपिटल अक्षरांत उतरवायचे. संध्याकाळी जेवण झालं की मी ते टाइप करायची. भांडी घासून झाल्यावर दुसऱ्याच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या वाऱ्यापावसाच्या नोंदी टाइप करण्याइतकं कंटाळवाणं काम मी तोवर केलं नव्हतं. पण बाबा पुढ्यात बसलेले असायचे आणि त्यांना ते सगळं सांगायचं असायचं.

आमच्या वाट्याला आलेलं जहाज फ्रेंच होतं. तीन डोलकाठ्यांचं, हलक्या बांधणीचं, पळणारं. इंग्रजांशी युद्ध चालू असताना एका धुक्याच्या सकाळी ते दोन इंग्रज जहाजांच्या तावडीत सापडलं. दुपारपर्यंत पळत राहिलं, मग मधली डोलकाठी कोसळली आणि फ्रेंचांनी झेंडा उतरवून शरणागती दिली. पुढचा सगळा जन्म इंग्रजांच्या चाकरीत. नाव मात्र फ्रेंचच ठेवलं. पकडलेल्या जहाजाचं नाव पुष्कळदा तसंच ठेवायची तिकडे पद्धत होती, म्हणजे ते कोणाकडून घेतलं हे जाईल तिथे लोकांना कळतं.

प्लिमथच्या गोदीत नेल्यावर आधी काय केलं, तर ते पाण्याबाहेर कोरड्यात घेऊन इंच इंच मापलं आणि त्याच्या रेषा कागदावर उतरवून घेतल्या. बाबांनी पहिल्या दिवशी पाहिलं ते हेच ड्रॉइंग. मूळ फ्रेंच ड्रॉइंगचा पत्ता नाही. पकडणाऱ्यांनी काढलेलं तेवढं उरलं.

"शत्रूचं होतं, पण चांगलं होतं हे कबूल केलंय बघ त्यांनी," बाबा म्हणाले. "भिकार जहाज एवढ्या बारकाईने कोण मापतं?"

मग त्यांनी त्या चांगल्या जहाजावर स्वतःच्या जड तोफा चढवल्या. आतून जादा लाकडं ठोकली. डोलकाठ्या आपल्या मापाच्या घातल्या. आणि वर्षभरात कॅप्टन तक्रार करायला लागला की जहाज पूर्वीसारखं पळत नाही, सांधे हलतात, पाणी येतं. ह्यावर बाबा दोन दिवस चिडलेले होते. पोळीचा तुकडा हातात धरून ते मला सांगत होते, "आधी स्वतःच वजन घालायचं आणि मग म्हणायचं फ्रेंचांचं काम कच्चं. अगं, ज्याची पाठ हलकी म्हणून घेतलंस, त्याच्याच पाठीवर पोती?"

"बाबा, जेवा ना. गार होतंय."

जहाज चाकरी करत राहिलं. व्यापारी जहाजांच्या तांड्यांना सोबत म्हणून वेस्ट इंडीजला गेलं, तापाने अर्धी माणसं गमावून परत आलं. मग कित्येक हिवाळे फ्रेंच किनाऱ्यासमोर येरझारा घालत राहिलं, म्हणजे तिकडून कोणी बाहेर पडू नये. एका सकाळी त्याने एक लहान फ्रेंच जहाज पकडलं. बाबांनी ती ओळ दोनदा वाचून दाखवली.

"आता हे फ्रेंचांनाच पकडायला लागलं."

"लाकडाला काय कळतंय, बाबा?"

"लाकडाला नसेल कळत," ते म्हणाले, आणि पान उलटलं.

त्याच आठवड्यात मी आमच्या कंपनीच्या पुण्याच्या टीममधल्या तिघांना, तुमची गरज उरली नाही, अशी ईमेल लिहिली होती. बाबांना ते माहीत नव्हतं. पण मला उगाच टोचलं, आणि टोचलं ह्याचा रागही आला.

जुलैत बाबांनी माझी चोरी पकडली. लॉगमध्ये प्रत्येक तारखेखाली दुपारच्या नोंदी आधी असायच्या आणि सकाळच्या नंतर. मला वाटलं कारकुनाची गडबड. दिवसभराच्या कामानंतर डोळे मिटत असताना मी ते आपल्या अकलेने नीट लावत गेले. सकाळ वर, दुपार खाली. चाळीसेक पानं झाल्यावर बाबांनी स्क्रीनवर पाहिलं.

"हे तू फिरवलंस?"

"अहो, दुपारनंतर सकाळ कशी येईल? त्याची मिस्टेक आहे."

"चूक रोज होत नाही," बाबा म्हणाले. "रोज होते ती पद्धत असते."

तीन निरनिराळ्या वर्षांतली पानं काढून त्यांनी दाखवून दिलं. त्या काळी जहाजावर दिवस मध्यरात्री बदलत नसे. दुपारी सूर्य डोक्यावर आला, त्याची उंची मोजली, की नवी तारीख सुरू. माझ्या शहाणपणामुळे चाळीस पानांवरची निम्मी माणसं एक दिवस उशिरा मेली होती आणि वादळं चुकीच्या तारखेला आली होती. दोन शनिवार आम्ही ते निस्तरत बसलो. मी वैतागले होते, बाबा मजेत होते. मधेच म्हणाले, "म्हणजे चार वाजता ह्यांचा नवा दिवस फक्त चार तासांचा झालेला असायचा. बरं आहे."

चार वाजता म्हणजे त्यांचा आणि आईचा चहा. नोकरीत होते तोवर रविवारी, आणि रिटायर झाल्यावर रोज, वीस वर्षं. आई आलं किसायची, बाबा दूध बघायचे, आणि कप हातात घेऊन दोघं मागच्या ओट्यावर तासभर बोलत बसायचे. काय बोलायचे देव जाणे. लहानपणी मला ते भांडण वाटायचं.

वॉटफर्डला चारच्या सुमारास बाबांचा मला फोन यायचा. मी तो क्वचितच घेतला.

जूनपासूनच मी ठरवलं होतं की बाबांना कायमचं इथे आणायचं. लंडनच्या इल्फर्ड भागात साड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर एका गुजराती वकीलबाईंचं ऑफिस आहे, तिथे जाऊन बसले. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. अर्ज बाबांनी परत गेल्यावर भारतातून करायचा. म्हाताऱ्या आईवडिलांना मुलांजवळ राहायचंय एवढं पुरत नाही. ह्या माणसाला स्वतःची रोजची कामं स्वतः करता येत नाहीत, अंघोळ, कपडे, जेवण, आणि ती करून देणारं तिकडे कोणी मिळत नाही, हे दाखवावं लागतं. डॉक्टरचं पत्र लागेल आणि मुलीचं निवेदन. "स्वतःचा चहा स्वतः करत असतील तर कठीण आहे, बेन," त्या म्हणाल्या.

दोन रविवार खपून मी निवेदन लिहिलं. वडिलांना आधाराशिवाय अंघोळ करता येत नाही. गॅस चालू ठेवून विसरतात. वेळेचं भान राहत नाही. बटणं लावायला मदत लागते. मी खोटं असं काही लिहिलं नव्हतं. जूनमध्ये ते बाथटबमध्ये एकदा घसरले होते. एकदा दूध उतू गेलं होतं. थंडीत बोटं आखडली तेव्हा मी त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं होतं. एकदा घडलेलं मी रोज घडतं असं लिहिलं, एवढंच. कागद टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि त्या संध्याकाळी मला बाबांच्या तोंडाकडे बघवेना.

सप्टेंबरमध्ये दप्तरखान्यातून ईमेल आलं. प्रकल्प सांभाळणाऱ्या इंग्रज बाईंनी व्हॉलंटियर्सना एका शनिवारी लंडनला बोलावलं होतं, आणि दुपारी बदलणाऱ्या दिवसाबद्दल मी चार शब्द बोलावे अशी त्यांची इच्छा होती. इतक्या जणांनी तशीच चूक केली होती, पकडली फक्त माझ्या नावाने. नाही म्हणायला हवं होतं. पण बाबांना आपलं जहाज खरोखरच्या कागदावर बघायला मिळेल म्हणून मी हो म्हटलं आणि त्यांना घेऊन गेले. माझं बोलणं पाच मिनिटांत आटोपलं. मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, इंग्रजांनी जादा लाकडं ठोकली ती नेमकी कुठे, आणि त्याने जहाजाचा तोल कसा बिघडला? मी हातातले कागद चाळायला लागले. मागच्या रांगेतून बाबा उभे राहिले. थांबत थांबत, आपल्या गोदीतल्या इंग्रजीत, ते दहा मिनिटं बोलले. त्यांनी फळ्यावर जहाजाचा आडवा छेद काढला, हाताने, एका रेषेत.

त्यानंतर लपवण्यासारखं काही उरलं नाही. मी त्या बाईंना बाजूला घेऊन खरं सांगितलं, आणि त्या रागावल्या नाहीत. "तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" एवढंच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात बाबांच्या नावाने छापील पत्र आलं. इतकं अचूक, इतकं चिकाटीचं आणि तल्लख काम आम्हाला क्वचित मिळतं, वगैरे. बाबा तेव्हा बाहेर फिरायला गेले होते. मी ते पत्र वाचलं आणि पहिला विचार मनात आला तो हा, की हे कोणाच्या हाती लागलं तर अर्ज संपला. मी ते ड्रॉवरमध्ये निवेदनाखाली सारलं. माझ्या वडिलांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी शाबासकीचं पत्र पाठवलं होतं आणि ते मी लपवलं.

लॉगबुकांच्या शेवटी गोदीच्या दोन पाहण्यांचे अहवाल जोडलेले होते. ते आणि त्यापुढची थोडी पानं झाली की आमचं जहाज संपणार होतं. बाबा ते चार दिवस पुरवून पुरवून वाचत होते. पहिल्या पाहणीत लिहिलं होतं, तळाची काही लाकडं मऊ पडली आहेत, दुरुस्ती करून जहाज समुद्रावर पाठवता येईल. दुसरी पाहणी त्यानंतर वर्षाने. समुद्रसेवेस अयोग्य.

मी घरी आले तेव्हा बाबांनी दोन्ही अहवाल वहीत शेजारी शेजारी उतरवून ठेवले होते आणि लाल पेन्सिलने ओळीला ओळ जोडली होती.

"हे बघ. तीच लाकडं. तेवढीच कुज. मापंसुद्धा तीच. फक्त शेवटची ओळ बदलली."

"का?"

"मधे हे कैद्यांच्या खात्याचं पत्र आहे. कैदी ठेवायला जागा पुरत नाही, एखादं जहाज द्या. जहाज निकामी ठरवल्याशिवाय देता येत नाही. म्हणून निकामी ठरवलं. आधी निकाल ठरला, मग पाहणीला गेले." बाबांचा आवाज चढला होता. "असली पाहणी आमच्या साहेबाने फाडून हातात दिली असती."

डोलकाठ्या काढल्या, तोफा काढल्या, खिडक्यांना गज लावले आणि खाडीच्या चिखलात साखळदंडाने बांधून टाकलं. आत फ्रेंच कैदी ठेवले. समुद्रावर न्यायच्या लायकीचं नाही म्हणून लिहिलेलं ते जहाज तिथे वीसेक वर्षं तरंगत राहिलं, बुडलं नाही. त्या वर्षांतल्या काही महिन्यांच्याच नोंदी उरल्या आहेत, त्या एकेका ओळीच्या. वाऱ्याची दिशा, आणि पुढे, पूर्ववत. वारा नैऋत्य, पूर्ववत. वारा नैऋत्य, पाऊस, पूर्ववत. बाबांनी त्यातली एकही ओळ गाळली नाही. मी म्हटलं, बाबा, सगळं सेमच आहे, कॉपी-पेस्ट करते. ते म्हणाले, "त्याला रोज लिहावं लागलं ना? मग आपणही लिहू."

बाबा परत जायला आठ दिवस उरले होते. बॅगा बांधायला चिकटपट्टी हवी म्हणून त्यांनी ड्रॉवर उघडला.

मी संध्याकाळी आले तर टेबलावर दोन कागद ठेवलेले. डावीकडे दप्तरखान्याचं पत्र, उजवीकडे माझं निवेदन. निवेदनावर त्यांनी पेन्सिलने काम केलं होतं. खाडाखोड नव्हती. मजकुराला हात न लावता प्रत्येक वाक्याला बारीक बाण काढून समासात, त्या सुट्या उभ्या अक्षरांत, दुरुस्ती लिहिली होती. अंघोळ: स्वतः करतो, जूनमध्ये एकदा घसरलो. गॅस: एकदा. बटणं: एकदा, थंडी होती. वेळेचं भान: चुकीचं आहे, तपासावे. रक्तदाबाच्या गोळ्या विसरतो: हे तू लिहिलं नाहीस, घालावे. उजव्या कोपऱ्यात ड्रॉइंगवर असते तशी चौकट आखली होती. काढणार, माझी आद्याक्षरं. तपासणार, त्यांची. आणि वर लिहिलं होतं, ॲज-बिल्ट. जहाज बांधून झालं की मूळ ड्रॉइंग बाजूला ठेवून प्रत्यक्षात जसं झालं तसं ड्रॉइंग पुन्हा काढतात, त्याला गोदीत तसं म्हणतात. लहानपणी मी हा शब्द इतक्यांदा ऐकला होता की मला तो मराठीच वाटायचा.

सगळ्यात खाली, जिथे माझा मजकूर संपला होता, तिथे त्यांनी स्वतःची एक ओळ घातली होती. दुपारी चारला बोलायला कोणीतरी हवं. तिथे नसतं. इथेही नसतं.

बाबा खुर्चीवर बसून होते. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला, स्वतः केलेला.

"पत्र का लपवलंस ते कळलं," ते म्हणाले. "त्याचा राग नाही. पण हा कागद पाठवायचा तर असा पाठव."

"बाबा, असा पाठवला तर नाकारतील. सरळ नाकारतील."

"नाकारू देत."

"तुम्हाला इथे राहायचंच नाहीये का?"

"राहायचंय गं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एवढा थकलेला मी आई गेली तेव्हाही ऐकला नव्हता. "तुझ्याजवळ राहायचंय. पण असा नाही."

मी रडले. बाबांनी मला रडू दिलं, आणि मग भाजी कुठली करायची ते विचारलं.

ते गेले. नोव्हेंबरमध्ये मी अर्जाला बसले. उरणच्या डॉक्टरांनी प्रामाणिक पत्र दिलं होतं, वकीलबाईंनी ते वाचून नुसती नकारार्थी मान हलवली होती. मी बाबांचा पेन्सिलीचा कागद शेजारी ठेवला आणि त्याच्यावरून टाइप करत गेले. अंघोळ स्वतः करतात. गॅस, एकदा. गोळ्या विसरतात. जे आहे ते, काही न सुधारता. आणि शेवटच्या ओळीपाशी थांबले.

तिथे नसतं हे लिहायला हरकत नव्हती. इथेही नसतं हे लिहिलं की विचारणारा विचारणार, मग तुम्ही त्यांना कशाला आणताय? मी ती ओळ टाइप केली, पुसली, पुन्हा टाइप केली. अर्जात ह्याला रकाना नाही, अशी स्वतःची समजूत घातली. आणि ती ओळ गाळून अर्ज पाठवून दिला. पाठवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. खरं लिहिलं म्हणून सुटल्यासारखं वाटलं की बाबा आता येणार नाहीत म्हणून, ते मला नक्की सांगता येत नाही. मी फार दमले होते. दमलेल्या माणसाला स्वतःचं मन तपासायची ताकद नसते, असं म्हणून मी ते तिथेच सोडलं.

तेव्हापासून मी रोज साडेदहाला ऑफिसातल्या लहानशा काचेच्या खोलीत जाऊन उरणला फोन लावते. तिकडे चार वाजलेले असतात. कॅलेंडरवर मी ती वेळ मीटिंग म्हणून अडवून ठेवली आहे. कधी दहा मिनिटं मिळतात, कधी चार. कधी नाहीच मिळत.

फेब्रुवारीत उत्तर आलं. नाकारलं होतं. मी त्या काचेच्या खोलीत बसून बाबांना ते वाचून दाखवलं, इंग्रजीत, आणि मग मराठीत समजावून. अर्जदार आपली दैनंदिन कामं स्वतः करण्यास समर्थ आहेत.

"परत वाच," बाबा म्हणाले.

मी परत वाचलं.

"लेखी आलंय ना? लेटरहेडवर?"

"हो बाबा."

"समर्थ," ते म्हणाले. ते हसत होते. तिकडून लाँचच्या भोंग्यासारखं काहीतरी ऐकू आलं, की प्रेशर कुकर असेल. मग हसू थांबलं. "आणि ते चारचं? त्याबद्दल काय म्हणतात?"

काचेपलीकडे पुढच्या मीटिंगची माणसं येऊन उभी राहिली होती. त्यातल्या एकाने मला घड्याळ दाखवलं.

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

ज्या माणसाने दोनशे वर्षांपूर्वीच्या दोन पाहण्या ओळीला ओळ लावून पकडल्या होत्या, तो आता काय विचारतो ह्याची मी वाट बघत होते.

"तू नीट टाइप केलं होतंस ना? सगळं?"

"हो बाबा."

"मग वाचलं नसेल त्यांनी," बाबा म्हणाले. पाठवलेल्या कागदाची प्रत त्यांनी माझ्याकडे तेव्हाही मागितली नाही, नंतरही नाही. "चल. चहा उकळतोय. ठेवतो."